लिव्ह अँड लायसन्स करार

दुसऱ्याच्या मालकीची जागा ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी देणारा, पण त्या जागेत कोणताही मालमत्ताविषयक हितसंबंध निर्माण न करणारा करार. महाराष्ट्रातील शहरांत खासगी घर भाड्याने देण्याचा हा आज सर्वांत रूढ प्रकार असून बोलण्यात त्याला ‘अ‍ॅग्रीमेंट’ किंवा ‘अकरा महिन्यांचा करार’ म्हणतात. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली काही प्रकारची घरे भाड्याने देणाऱ्या मालकाला स्थानिक परिषदेकडून परवाना घ्यावा लागतो. ‘लायसन्स’ हा शब्द सारखा असला तरी त्या पद्धतीशी प्रस्तुत कराराचा संबंध नाही. महाराष्ट्रात घर भाड्याने देण्यासाठी मालकाला परवाना लागत नाही. मात्र करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे.

भाडेपट्टा आणि लायसन्स : दोहोंच्या व्याख्या १८८२ सालच्या दोन वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्कच हस्तांतरित होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे, एरवी जे कृत्य बेकायदा ठरले असते ते दुसऱ्याच्या जागेत करण्याची केवळ मुभा. साहजिकच लायसन्स व्यक्तिगत असते. मालकाने जागा विकली तर ते नव्या मालकावर त्या नात्याने बंधनकारक राहत नाही.

व्याख्या स्पष्ट असल्या तरी प्रत्यक्ष दस्तात कोणते नाते आहे, हा वाद जुना आहे. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर (१९५९) या खटल्यात न्या. सुब्बा राव यांनी मांडलेली सूत्रे आजही आधारभूत मानली जातात : दस्ताच्या मथळ्यापेक्षा आशय महत्त्वाचा, पक्षकारांचा हेतू ही खरी कसोटी, आणि जागेचा अनन्य ताबा दिला असेल तर प्रथमदर्शनी भाडेपट्टा, पण हे अनुमान खोडता येते. इंग्लंडमध्ये स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड (१९८५) या निवाड्यानंतर अनन्य ताब्याला पुन्हा निर्णायक वजन आले. भारतीय न्यायालयांचा कल मात्र हेतूकडे राहिला. ही कसोटी लवचीक आहे, हे तिच्या समर्थकांनाही मान्य असते. ब्लॉकची किल्ली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सारे एकट्याकडे सोपवून ‘ताबा कायदेशीररीत्या मालकाकडेच राहील’ असे कलम घालणाऱ्या दस्तात हेतू नेमका कुठे शोधायचा, हा प्रश्न उरतोच.

उगम : मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या कायद्याने आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानले, भाडेकरूला हुसकावणे अवघड केले आणि पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई केली. लायसन्सची प्रथा या कायद्याला बगल देण्यासाठीच जन्मली, असे एक मत आहे. त्याआधीपासून शहरात असलेल्या लॉजिंग, खाणावळी आणि खाटेवर जागा देण्याच्या पद्धतीतून ती विकसित झाली, असेही मानता येते. दस्तांची भाषा पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांत ‘भाडे’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘कॉम्पेन्सेशन’ घातलेला असे, राहणाऱ्याला ‘केअरटेकर’ म्हटले जाई, आणि पागडीच्या (मालकाला एकरकमी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या) खोल्यांत भाडेकरू स्वतःच लायसन्स देणारा बने. प्रथा साधारणपणे १९५० नंतरच्या दोन दशकांत पसरली असावी.

१९७३ ची दुरुस्ती : या पळवाटेला राज्याने दिलेले उत्तर म्हणजे १९७३ च्या सतराव्या महाराष्ट्र अधिनियमाने १९४७ च्या कायद्यात घातलेले कलम १५ अ. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सखाली जागेत असलेली व्यक्ती त्या दिवसापासून मालकाची भाडेकरू मानली गेली. जागा किमान एका खोलीइतकी असावी, अशी अट होती. त्यामुळे खाटेपुरती जागा घेऊन राहणारे गिरणी कामगार वा नोकरदार या संरक्षणाबाहेर राहिले. पेइंग गेस्ट, मालकाच्या कुटुंबात राहणारे, नोकरीमुळे जागा मिळालेले आणि हॉटेल-लॉजमधले राहणारेही वगळले गेले. ‘चालू लायसन्स’ या शब्दांवर मोठी वादावादी झाली. मुदत संपूनही केवळ जागेत बसून राहिलेल्याला लाभ मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. एच. मणियार विरुद्ध वामन लक्ष्मण कुडव या खटल्यात (१९७६) ठरवले. त्यामुळे पुढच्या दाव्यांत शेवटची पावती कोणत्या महिन्याची, नूतनीकरणाचा कागद खरा की मागाहून केलेला, यावरच साक्षीपुरावे रंगले.

दुरुस्तीच्या परिणामांविषयी मतभेद आहेत. हजारो कुटुंबांचे छप्पर वाचले, असे भाडेकरूंच्या बाजूने म्हटले जाते. मालकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले, असे दुसरी बाजू सांगते. दोन्हींत तथ्य आहे. मात्र आजच्या कराराचे स्वरूप समजण्यासाठी दुसरा परिणाम अधिक उपयोगी पडतो, कारण पुढचे कायदे मालकाच्या त्याच धास्तीला उद्देशून केलेले दिसतात. १९८७ मध्ये त्याच कायद्यात कलम १३ अ २ घालून, लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे) अर्ज करण्याची वाट खुली झाली.

१९९९ चा अधिनियम : मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २४ नुसार निवासासाठी लायसन्सवर घेतलेले घर मुदत संपताच परत द्यावे लागते. न दिल्यास करारातील दराच्या दुप्पट नुकसानभरपाई लागते. प्रतिवादीला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे थेट बचाव मांडता येत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत तशी परवानगी मागावी लागते. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा, असे स्पष्टीकरण कलमाला जोडले आहे. आशय मोठा की कागद, या १९५९ पासूनच्या वादात विधिमंडळाने निवासी जागांपुरता कागदाच्या बाजूने कौल दिला, असा याचा अर्थ घेता येतो. पागडीच्या भाडेकरूने स्वतः लायसन्सवर जागा दिली असेल, तर त्याला मात्र या कलमाचा आधार नाही. दुकान वा कार्यालयाच्या जागेसाठीही हा मार्ग नाही. मुंबईत ते दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

कलम ५५ नुसार प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. व्यवहारात दंडापेक्षा ही दुसरी तरतूद जड जाते. कलम २४ च्या स्पष्टीकरणात फक्त ‘लेखी’ करार म्हटले आहे आणि कलम ५५ ला ‘नोंदणीकृत’ हवा. निव्वळ नोटरी केलेल्या करारांच्या वादात दोन्ही बाजू या फरकावर बोट ठेवतात.

अकरा महिन्यांची मुदत १९०८ च्या नोंदणी अधिनियमातून आली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची असल्याने त्याखालची मुदत सोयीची होती. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ही पळवाट उरलेली नाही, तरी अकराचा आकडा एजंटांच्या तोंडी टिकून आहे.

शुल्क व नोंदणी : मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६ अ नुसार साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण रकमेच्या ०.२५ टक्के शुल्क लागते. या रकमेत मुदतीतले सर्व भाडे, परत न मिळणारी ठेव आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वार्षिक दहा टक्के कल्पित व्याज धरतात. उदा., १९,००० रुपये महिना व १,२०,००० रुपये डिपॉझिट, मुदत २४ महिने : भाडे ४,५६,००० अधिक व्याज २४,०००, म्हणजे ४,८०,००० रुपये; शुल्क १,२०० रुपये. महिन्याचे भाडे नाममात्र ठेवून ‘हेवी डिपॉझिट’ घेणाऱ्यांनाही व्याजाच्या या हिशेबामुळे शुल्क चुकत नाही. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये आहे. साठ महिन्यांवरील करारास भाडेपट्ट्याचे दर लागतात. नोंदणी ऑनलाइनही होते : आधारशी जोडलेला अंगठा आणि वेबकॅमवरचा फोटो एजंट घरी येऊन घेतो, आणि मंजुरीनंतर इंडेक्स टूसह (नोंदणीच्या सारांश-उताऱ्यासह) दस्त डाउनलोड करता येतो.

इतर बंधने : भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची सक्ती मुख्यतः पोलीस आयुक्त वा जिल्हा प्रशासनाच्या वेळोवेळीच्या मनाई आदेशांतून येते. परदेशी नागरिकाची माहिती स्वतंत्रपणे कळवावी लागते. गृहनिर्माण संस्थेला मालक राहत नसलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क घेता येते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते, पालिकेचे कर वगळून, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर मर्यादित केले. अविवाहित, विशिष्ट धर्माचे वा मांसाहारी भाडेकरू नको, असे तोंडी नियम संस्था लावतात. त्यांना करारविषयक कायद्यात आधार नाही, पण दस्तात न दिसणारी ही चाळणी नोंदणीच्या आधीच काम करून गेलेली असते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज ती लागू होत नाही. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आहे. पर्यटकांना घर वा खोल्या देणाऱ्यांना त्याशिवाय १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते.