तीन क्लिकचा नियम कुणी सिद्ध केला?

वेबसाइट करून घेणारे अजूनही बजावतात: ‘हवी ती माहिती तीन क्लिकमध्ये मिळाली पाहिजे, नाहीतर माणूस निघून जातो.’ हा नियम गेली वीस-पंचवीस वर्षं फिरतोय. तो खरा नाही.

2003 साली, लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जोशुआ पोर्टर यांनी तो तपासला. 44 जण, 620 कामं, आठ हजारांहून जास्त क्लिक. तिसऱ्या क्लिकनंतर लोक काम सोडून देतात, असं काही दिसलं नाही. काहींनी पंचविसाव्या क्लिकपर्यंत शोध चालू ठेवला. समाधानाचाही क्लिकच्या संख्येशी संबंध आढळला नाही.

आपला ऑनलाइन सातबाराच बघा. विभाग, जिल्हा, तालुका, गाव, मग गट क्रमांक. पायऱ्या तीनपेक्षा जास्त, पण जमिनीचा पत्ता आपल्या डोक्यात याच क्रमाने असतो, त्यामुळे कुठे अडखळायला होत नाही. आता हेच तीन क्लिकमध्ये कोंबायचं, तर राज्यातली चाळीस हजारांहून जास्त गावं एकाच यादीत टाकावी लागतील. वडगाव नावाची गावं तर किती! त्यातलं आपलं कोणतं, हे कसं कळणार?

माणूस थकतो तो शंकेने. ‘सेवा’, ‘माहिती’, ‘इतर’ अशी बटणं शेजारी-शेजारी असली की पहिल्याच क्लिकला हात थांबतो. तिथे ‘जन्म दाखला काढा’, ‘पाणीपट्टी भरा’ असं सरळ लिहा, आणि आपण कुठवर आलो ते पानाच्या वरच्या बाजूला दिसू द्या. मग क्लिक पाच झाले तरी चालतील.