किनाऱ्यावर समुद्रजीवांचा अभ्यास करायचाय? परवानगी कधी लागते, अर्ज कसा करायचा

प्राणिशास्त्र किंवा सागरी जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांपुढे प्रकल्पाची वेळ आली की ठरलेला गोंधळ सुरू होतो. विषय सोपा वाटतो: अमुक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कोणकोणते जीव आढळतात. मग कुणीतरी सांगतं, 'फॉरेस्टची परमिशन लागेल हं.' कुठल्या कायद्याखाली, कोणाकडून, कशासाठी, हे मात्र कुणी सांगत नाही. परिणामी काही जण फोटो काढायलाही घाबरतात, तर काही जण प्रवाळाचा तुकडा खिशात घालून घरी येतात. यातला दुसरा प्रकार थेट गुन्ह्यात मोडतो.

तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक गुंता सुटतो. तुम्ही काय उचलणार? कुठून उचलणार? आणि तुम्ही कोण, म्हणजे भारतात राहणारे की बाहेर?

कागद लागत नाही असं काम

अभयारण्य, राखीव वन किंवा संरक्षण दलांची हद्द सोडून इतर सार्वजनिक किनाऱ्यावर ओहोटीला फिरणं, खडकावरचे जीव मोजणं, फोटो काढणं, नोंदी ठेवणं याला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागत नाही. पन्नास सेंटिमीटरची चौकट (क्वाड्रॅट) खडकावर ठेवून आतले जीव मोजायचे, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा, फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायचे, एवढ्यावर बी.एस्सी.चा चांगला प्रकल्प होतो. पाण्याचं तापमान, क्षारता आणि उधाणाच्या दिवसांतल्या मोठ्या ओहोटीच्या वेळा नीट टिपल्या तर एम.एस्सी.चाही होतो. नमुना उचलल्याशिवाय अभ्यास होत नाही ही समजूत प्रयोगशाळेतल्या बरण्यांनी करून दिलेली आहे. पदवीच्या पातळीवर ती सोडून द्यायला हरकत नाही.

काय उचलणार?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आधी सहा अनुसूची (कायद्याला जोडलेल्या जातींच्या याद्या) होत्या, आता चार आहेत. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी 'साइट्स' या वन्य जातींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या जातींची. इंटरनेटवरच्या जुन्या पीडीएफमधली यादी पाहून अर्ज भरू नका, त्यातले अनुसूची क्रमांक आता चुकीचे असू शकतात.

कायद्याच्या भाषेत 'वन्य प्राणी' म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत नाव असलेला प्राणी. आपल्या बाजारात येणाऱ्या तिसऱ्या, खुबे, कालवं यांची नावं तिथे नाहीत. म्हणून खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना वन विभागाचा परवाना लागत नाही आणि अभयारण्याबाहेर त्याच तिसऱ्या अभ्यासासाठी घेतल्या तर तुम्हालाही लागत नाही. मिरकरवाडा बंदरावर किंवा ससून डॉकला विकत घेतलेला बांगडा कापून त्याच्या पोटातलं अन्न तपासायचं असेल तरी हेच लागू.

प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकडी, काही शंख-शिंपले, सगळी सागरी कासवं, डॉल्फिन, देवमासे, व्हेल शार्क आणि मुशी-पाकटांच्या काही जाती मात्र संरक्षित आहेत. त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या अनुसूचीत येतात. शिकारीची व्याख्याही इथे फार रुंद आहे. प्राणी मारणं तर आलंच, पण पकडणं, सापळा लावणं, शरीराचा भाग काढून घेणं, हेही शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. 'सर, मी फक्त डीएनएसाठी टिश्यू घेतला' हा बचाव तिथे चालत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्रवाळांच्या बाबतीत. प्रवाळ म्हणजे अंदमान-लक्षद्वीप असंच आपल्या डोक्यात असतं. मुंबईत हाजी अली किंवा मरीन ड्राइव्हच्या खडकांवरही कठीण प्रवाळ आहेत. राखाडी-गुलाबी, हाताच्या पंज्याएवढा किंवा त्याहून लहान, खडकाला घट्ट चिकटलेला डाग दिसतो. नीट वाकून पाहिलं की त्यावर चांदणीच्या आकाराचे बारीक खळगे दिसतात. खरवडून घ्यायचा मोह होतो तो नेमका याचाच. 2020 साली कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीची प्रवाळं दुसरीकडे हलवायची होती, तेव्हा मुंबई महापालिकेलासुद्धा आधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. विद्यार्थ्याला सूट मिळेल अशी आशा धरू नये. किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलू नका.

कुठून उचलणार?

जागा बदलली की नियम बदलतो. मालवण सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झालं. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.182 चौरस किलोमीटरचा, पद्मगड आणि आसपासच्या खडकांचा. अभयारण्यात 'वन्यजीव' या शब्दाची व्याप्ती अनुसूचीपुरती राहत नाही. त्या अधिवासाचा भाग असलेला कुठलाही प्राणी, पाण्यातली वनस्पतीसुद्धा त्यात येते. म्हणजे बाहेर बिनधास्त उचलता येणारं समुद्रशेवाळ इथे परवान्याशिवाय काढता येत नाही. नुसत्या अभ्यासासाठी आत जायचं तरी कलम 28 खाली परवाना आहे. हे कलम अभ्यास, संशोधन, छायाचित्रण आणि पर्यटन अशा सगळ्या कारणांसाठी आहे. पर्यटक म्हणून होडीतून जाऊन गुपचूप संशोधन उरकावं हा विचार मनात आला तर काढून टाका. पुढे शोधनिबंध पाठवताना नियतकालिक परवाना क्रमांक विचारतं.

मालवणात आणखी एक भानगड असते. सिंधुदुर्ग किल्ला हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. तटाला लागून काही उपकरण बसवायचं असेल तर पुरातत्त्व खात्याचं पत्र वेगळं घ्यावं लागेल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही तेच.

कांदळवनांचं तर वेगळंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर राज्यातली सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वनं म्हणून अधिसूचित होत गेली. तिथला चिखल, मुळांवरचे शिंपले, खेकडे यांचे नमुने घ्यायचे तर वन विभागाची परवानगी आधी. 2012 पासून राज्यात यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात विचारपूस तिथूनच सुरू करावी. गोव्यात काम करायचं असेल तर अर्ज गोवा वन विभागाच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्राचा परवाना तेरेखोल ओलांडला की उपयोगाचा नाही.

अर्ज कोणाकडे, आणि त्यात काय लिहायचं

संरक्षित जातीचा नमुना हवा असेल तर परवाना कलम 12 खाली मिळतो. कारणं कायद्यात ठरलेली आहेत. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, संग्रहालयासाठी नमुने वगैरे. परवाना देणारे अधिकारी म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक. महाराष्ट्रात हे पद प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असतं आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. समुद्राचं काम असून कागद विदर्भात जातो याचं कोकणातल्या विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटतं.

पण नागपूरच्या सहीवर सगळं संपत नाही. जात पहिल्या अनुसूचीतली असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी, दुसरीतली असेल तर राज्य सरकारची. म्हणून वेळेचं गणित आधी मांडा. चौथ्या सेमिस्टरचं काम जानेवारीत सुरू करायचं असेल तर अर्ज आदल्या पावसाळ्यात जायला हवा. एरवीही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्रात जाता येत नाही. ते दोन महिने कागदांना द्यावेत.

पात्रतेचं म्हणाल तर कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो. प्रत्यक्षात एकट्या विद्यार्थ्याच्या नावाचा अर्ज पुढे सरकणं कठीण. अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावाने, विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या अग्रेषण पत्रासह, संस्थेच्या लेटरहेडवर करावा. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राची प्रत जोडावी, अगदी मदतीला येणाऱ्या मित्राचीसुद्धा, कारण किनाऱ्यावर वनरक्षक विचारतो तेव्हा परवान्यावर नाव नसलेला माणूस अडकतो.

बाकी कागदांत सगळ्यात वजनदार असतो तो संशोधन आराखडा. त्यात शास्त्रीय नावासह जातींची यादी, प्रत्येकीची अनुसूची, किती नमुने, पकडण्याची पद्धत, अक्षांश-रेखांशासह ठिकाणं आणि कालावधी हवा. नमुने शेवटी कुठे ठेवणार हेही लिहायचं. काम संपल्यावर अहवाल देऊ असं हमीपत्र आणि विहित शुल्क भरल्याची पावती सोबत.

अर्ज अडतो तो उद्देशाच्या रकान्यात. 'मालवण परिसरातील समुद्री जीवांचा सखोल अभ्यास करणे' असं लिहिलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर सही कोण करेल? त्याऐवजी असं लिहा: 'खडकाळ किनाऱ्यावरील तीन ठिकाणी, डिसेंबर ते मार्च या काळात, दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला 50 सेंमी × 50 सेंमी चौकटीतील जीवांची गणना करणे. ओळख न पटलेल्या प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त दोन नमुने घेणे. प्रवाळांचे नमुने घेतले जाणार नाहीत, केवळ छायाचित्रण.' शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. काय करणार नाही हे लिहिलं की अर्ज केंद्रापर्यंत जायचं कारणच बऱ्याचदा उरत नाही.

मूळ अर्ज नागपूरला जातोय म्हणून स्थानिक कार्यालयाला विसरू नका. एक प्रत विभागीय वन अधिकाऱ्यांना, एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्याच. शिवाय गावच्या मच्छीमार सोसायटीला एकदा भेटून सांगावं. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण होडी त्यांची, खडकांची माहिती त्यांची, आणि अभयारण्याबद्दल मच्छीमारांच्या मनात जुनी खदखद आहे. हातात क्लिपबोर्ड घेतलेला अनोळखी माणूस त्यांना सरकारी सर्वेवाला वाटतो.

वाहून आलेलं कासव किंवा डॉल्फिन

याबाबत परवाना वगैरे काही नाही, फक्त कळवायचं. संरक्षित प्राणी मेलेला असला तरी सरकारी मालमत्ता असतो. असा प्राणी ताब्यात आला तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. वन विभागाची हेल्पलाइन 1926. कवटी कॉलेजच्या संग्रहालयाला हवी असेल तर कॉलेजने रीतसर मागावी, परस्पर उकडून साफ करू नये. वेळास, आंजर्ल्याला कासव महोत्सव बघायला जाता तेव्हाही अंड्यांना आणि पिल्लांना हात लावायचा नाही, तो वन विभागाचा आणि त्यांनी नेमलेल्या कासवमित्रांचा प्रांत.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

जैविक विविधता अधिनियम 2002 इथे आडवा येतो. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला निव्वळ संशोधनासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही. परदेशी नागरिकाला लागते. आणि आयकर कायद्याच्या व्याख्येनुसार अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागते. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेली, भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी ऑस्ट्रेलियात पीएच.डी. करत असेल आणि सुट्टीत गावी येऊन शिंपल्यांचे नमुने घेणार असेल, तर तिने आधी चेन्नईच्या प्राधिकरणाकडे अर्ज करायला हवा. तेच शिंपले तिची आजी जेवणासाठी रोज आणत असली तरी! इथे राहणाऱ्या संशोधकानेही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याआधी प्राधिकरणाचे नियम पाहावेत.

काम संपल्यावर

परवान्यात लिहिलेल्या मुदतीत अहवाल द्या. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजचा दुसरा विद्यार्थी अर्ज करतो तेव्हा मागचा अहवाल आला होता का, हे पाहिलं जाऊ शकतं. नवी जात सापडली तर जैविक विविधता कायद्यानुसार तिची माहिती आणि पुराव्याचा नमुना अधिकृत भांडाराकडे द्यावा लागतो. सागरी जीवांसाठी गोव्यात दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अशी भांडारं आहेत. नमुना दिला की नोंद क्रमांक मिळतो. तो शोधनिबंधात परवाना क्रमांकाशेजारी छापा.