पांढरी सातची गिटार: बॅरिटोनच्या लांब मानेमागचा इतिहास

गेल्या गणपतीत आमच्या वाडीत भजन संपलं, चहा फिरला, आणि बुवांनी माझ्या गिटारीच्या मानेवरून बोट फिरवत विचारलं, "ह्येची मान इतकी लांब कित्याक रे? मोकळी तार खयच्या सुरात?" मी म्हटलं, "पांढरी सात, बुवा." त्यांनी पेटीवर पांढरी सात, म्हणजे सप्तकातली सातवी पांढरी पट्टी, धरली, मी जाड तार छेडली. सूर तोच, पण पेटीच्या पहिल्या पट्टीच्याही खालचा. बुवा वाकून तारेकडे बघत राहिले. त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर त्या रात्री देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

नेहमीच्या गिटारीची सर्वांत जाड तार पांढरी तीनमध्ये लावतात. माझी गिटार बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरात लागणारी. तिची तीच तार पांढरी सातला किंवा त्याहून खाली, पांढरी सहाला लागते. आकड्यांत सांगायचं तर साधी गिटार ८२.४ हर्ट्‌झपासून सुरू होते, बेस (खर्जाची गिटार) ४१.२ पासून, आणि बॅरिटोन या दोघींच्या मधे ६१.७ वर. तारा सहाच, त्यांच्यातली अंतरंही तीच, त्यामुळे येत असलेली बोटं जशीच्या तशी चालतात. फक्त सगळं वाजतं खर्जात.

मग साध्या गिटारीच्याच खुंट्या सैल का करायच्या नाहीत? मी वर्षभर तेच केलं होतं. लांबी आणि तार तीच ठेवून सूर 'म' वरून 'सा' वर, म्हणजे पांढरी तीनवरून खालच्या पांढरी सातवर आणला, की तारेचा ताण जेमतेम ५६ टक्के उरतो. तार लुळी पडते, पडद्यांवर खरखरते, आणि जोरात छेडली की क्षणभर चढी बोलते. यावर उपाय दोनच: तार जाड करा किंवा लांब करा. बॅरिटोन दोन्ही करते. फेंडर कंपनीच्या साध्या गिटारीत तारेची बोलती लांबी २५.५ इंच असते. बॅरिटोनमध्ये ती साधारण २७ पासून ३० इंचांपर्यंत जाते, आणि जाड तार एक इंचाच्या ४६ सहस्रांशांऐवजी साठाच्या वर, कधी ६८ असते. बुवांनी बोट फिरवलेल्या लांब मानेचं कारण हेच.

आपल्याकडे ही युक्ती जुनीच आहे. मिरजेचे कारागीर पुरुषांच्या आवाजासाठी मोठा आणि बायकांच्या आवाजासाठी लहान तंबोरा करतात, ते याच हिशोबाने. एकोणिसाव्या शतकात सतारीचं अंग वाढवून, मान लांबवून, तारा जाड करून सूरबहार झाली, ती मंद्रातली आलापी नीट बोलावी म्हणून. अन्नपूर्णादेवींमुळे सूरबहारचं नाव तरी मराठी श्रोत्यांना ठाऊक आहे. मला कुणी बॅरिटोन म्हणजे काय विचारलं तर मी "गिटारीची सूरबहार" असं सांगतो, आणि गाणं ऐकणारा माणूस लगेच मान हलवतो.

विजेच्या गिटारीत ही गोष्ट आली ती १९५६ मध्ये. नेथन डॅनियल यांनी १९४७ साली अमेरिकेत न्यू जर्सीत डॅनइलेक्ट्रो कंपनी काढली होती. स्वस्त आणि सुटसुटीत वाद्यं हा त्यांचा बाणा. लाकडी चौकटीवर हार्डबोर्डचे पत्रे आणि पिकअपसाठी (तारेचं कंपन विजेत पकडणाऱ्या भागासाठी) चक्क लिपस्टिकच्या नळ्या! त्यांनी काढलेला सहा तारांचा बेस गिटारीच्या बरोबर एक सप्तक खाली लागायचा. फेंडरनेही १९६१ मध्ये ३० इंची 'बेस सिक्स' आणला. काटेकोरपणे पाहिलं तर ही दोन्ही वाद्यं बॅरिटोन नव्हेत, त्यांचा सूर आणखी खालचा. पण बॅरिटोनचं घराणं इथूनच सुरू होतं. पुढे कारागिरांनी जवळपास तशीच लांब मान ठेवून तारा मधल्या पट्टीत आणल्या.

या घराण्याला खरं काम दिलं ते अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंनी, आणि माझ्या मते इतिहासाचा गाभा तिथेच आहे. तिथे खर्जासाठी उभा लाकडी बेस वाजायचा. त्याचा नाद भरदार, पण घरच्या टेबल रेडिओच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो ऐकूच यायचा नाही. मग तेच स्वर सहा तारांच्या बेसवर पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने), उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे घोडीपाशी, तारांवर टेकवून, दाबून वाजवायला सुरुवात झाली. खाली लाकडी बेसचा घुमारा, वर त्याच सुराचा ठक्-ठक् असा ठळक ठसा. याला नाव पडलं 'टिक-टॅक बेस'. हॅरॉल्ड ब्रॅडली हे या वादनातलं मोठं नाव. गिटारवादक ड्वेन एडीने हेच वाद्य पुढे आणून त्यावर अख्ख्या चाली वाजवल्या. गायक ग्लेन कॅम्पबेलच्या १९६८ च्या 'विचिटा लाइनमन' या गाण्यातला तो खोल, सावकाश सोलो बेसवादक कॅरल के यांच्या डॅनइलेक्ट्रो बेसवरचा आहे. लाखो लोकांनी तो ऐकला आणि साधी गिटारच समजून पुढे गेले. या वाद्याच्या वाट्याला हे पुन्हापुन्हा आलं आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

डॅनइलेक्ट्रो १९६९ मध्ये बंद पडली (नाव पुढे नव्वदच्या दशकात परत आलं). १९९० मध्ये आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसोबत सात तारांची 'युनिव्हर्स' काढली. तिची सातवी तार म्हणजे तीच पांढरी सात. खर्ज हवा असलेले मेटलवाले (जोरकस रॉक वाजवणारे) बरेचसे तिकडे वळले आणि बॅरिटोन थोड्या जणांपुरती उरली.

त्या थोड्यांतला मी एक, तोही सिंधुदुर्गात. इथल्या दुकानात तारांचा साधा संच मिळतो, बॅरिटोनचा नाही. कुरिअरने मागवतो, म्हणून मे संपायच्या आत दोन संच घरात हवेत. पावसात खारी हवा घरात शिरली की वरच्या दोन बिनवेढ्याच्या पोलादी तारा पंधरवड्यात तांबूस होतात. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक तार खालून-वरून पुसायची, ही सवयच झाली आहे. मान लांब, त्यात तारा जाड, त्यामुळे दमट दिवसांत ती लवकर वाकते. आषाढात ट्रस रॉडला (मानेतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या लोखंडी सळईला) पाव फेरा द्यायचा, थंडी पडली की तो परत सोडायचा. पहिल्या वर्षी एकदम अर्धा फेरा दिला आणि पहिल्या तीन पडद्यांवर सूरच निघेना. तेव्हापासून पाव फेरा द्यायचा आणि एक रात्र थांबायचं.

भजनात ती कुठे बसते हे मात्र शोधावं लागलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की जो धुमारा येतो, त्यात मोकळी जाड तार सरळ बुडून जाते. दोन भजनं तसंच वाजवलं, कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्याला तळवा ब्रिजवर टेकवला, नॅशव्हिलसारखा, आणि नुसता षड्ज-पंचम ठोकत राहिलो. झांजवाल्याने लगेच वळून पाहिलं.

बुवा गातात काळी पाचमध्ये, पांढरी सातच्या अर्धा सूर खाली. यंदा सगळ्या तारा तेवढ्या उतरवून ठेवल्या आहेत. आता जाड तार मोकळी छेडली की बुवांचाच सा येतो, खर्जातला.