अडीच गोळ्या आणि रिटोनाविर

१९९६ साली ब्रिटनमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या एका तरुणाने एक्स्टसी या नशेच्या अडीच गोळ्या घेतल्या. तेवढ्या त्याने आधीही पचवल्या होत्या. या वेळी काही तासांतच तो दगावला. रक्त तपासलं तर त्यात एक्स्टसीचं प्रमाण अपेक्षेच्या जवळपास दहापट! मध्यंतरी एक मोठा बदल झाला होता: त्याच्या उपचारात रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध आलं होतं.

औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या काही एन्झाइमना रिटोनाविर रोखून धरतं. आज ते द्यायचं कारणच हे आहे. सोबतचं एचआयव्हीचं औषध शरीरातून लवकर निघून जाऊ नये म्हणून. पण औषध कुठलं आणि नशा कुठली, हे एन्झाइमला थोडंच कळतं? एक्स्टसीचा निचरा मुख्यतः सीवायपी२डी६ या एन्झाइममार्फत होतो. मुंबईत 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोनही त्याच वाटेने जातं. केटामाइनची, म्हणजे नशेसाठीही घेतल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाची, वाट वेगळी, पण तीही रिटोनाविर अडवतं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, तर रक्तात सुमारे अकरापट चढतं. म्हणून रिटोनाविर चालू असताना त्याची मर्यादा ४८ तासांत २५ मिलिग्रॅम. त्यावर पॉपर्स, म्हणजे नशेसाठी हुंगायची रसायनं, हुंगले, तर रक्तदाब धाडकन कोसळतो. तिथे एचआयव्ही असण्या-नसण्याचाही प्रश्न नाही.

आपल्या सरकारी एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, आता सहसा डोल्युटेग्राविर हे औषध असलेली रोजची एक गोळी मिळते. तिच्यात रिटोनाविर नसतं, त्यामुळे हा धोका बराच टळतो. पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत मात्र रिटोनाविर असू शकतं, आणि हे पुष्कळदा ज्याचं त्यालाच माहीत नसतं.

केमसेक्सच्या, म्हणजे नशा करून चालणाऱ्या लैंगिक संबंधांच्या, दोन-तीन रात्री जागून काढल्या की गोळी चुकते, ती वेगळीच. एचआयव्हीचा विषाणू औषधाने दबलेला असेल तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. २०१९ च्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ समलिंगी जोडप्यांत अशी एकही लागण आढळली नाही. गोळ्या वारंवार चुकू लागल्या की ही हमी डळमळते. सिफिलिस आणि हेपटायटिस सी यांना तर ती मुळातच लागू नाही. हेपटायटिस सी एकच सुई अनेकांनी वापरली की पसरतो, आणि पावडर ओढायच्या सामायिक नळीतूनही पसरू शकतो.

डॉक्टर 'दारू घेता का?' एवढंच विचारतात, आणि पेशंट खरं उत्तर देतो: नाही. 'आणखी काही घेता का? शनिवारी?' असं कुणी विचारलं आणि त्याने न बिचकता सांगितलं, तर पुष्कळदा रिटोनाविर नसलेली औषधं निवडता येतात.