कुमामोतोचे सामुराई: तलवारीमागचा तांदूळ

1275 सालच्या उन्हाळ्यात जपानच्या हिगो प्रांतातला एक सामुराई आपले घोडे आणि खोगिरं विकून लष्करी सत्तेचं ठाणं असलेल्या कामाकुराच्या वाटेला लागला. त्याचं नाव ताकेझाकी सुएनागा. आदल्या वर्षी मंगोल आरमार क्युशू बेटाच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा जेमतेम पाच स्वारांनिशी हा त्यांच्यावर तुटून पडला होता. तो जखमी झाला, त्याचा घोडाही. एवढं करून बक्षिसाचा पत्ता नव्हता. नातलगांनी वाटखर्चाला दमडी दिली नाही. दोन नोकर सोबत घेऊन तो दोन महिने चालला आणि तिथे पोचल्यावर आणखी दोन महिने उंबरे झिजवले, तेव्हा कुठे अदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्याची भेट मिळाली.

यासुमोरीने नेमकं विचारलं. शत्रूची मुंडकी किती आणलीस? एकही नाही. तुझी माणसं किती पडली? एकही नाही. मग जखमेपलीकडे तुझा पराक्रम तो कोणता? सुएनागाचं म्हणणं एवढंच, की सगळ्यांत पुढे मी होतो. खोटं निघालं तर माझंच मुंडकं घ्या. शेवटी त्याला हिगोतल्या एका गावाच्या वसुलीचा अधिकार आणि वर एक घोडा मिळाला. हे सगळं आपल्याला कळतं ते त्यानेच पुढे काढवून घेतलेल्या चित्रगुंडाळ्यांमुळे. डोक्यावर मंगोलांचा दारूगोळा फुटतोय आणि रक्तबंबाळ घोडा उधळतोय, हे त्यातलं चित्र जगभर छापलं जातं. अर्ज घेऊन साहेबासमोर बसलेल्या सुएनागाचं चित्रही त्याच गुंडाळ्यांत आहे, पण त्याच्या वाट्याला ते भाग्य नाही.

सामुराई म्हटलं की चेरीच्या पाकळ्या, लखलखती तलवार आणि मरणावर प्रेम करणारा एकटा वीर, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. शब्दाचं मूळ मात्र ‘साबुराउ’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ थोरामोठ्यांपाशी हजर राहणं, सेवेत असणं. आपल्या हुजुरातीतला ‘हुजूर’ म्हणजे तरी दुसरं काय? आणि सेवा म्हटली की मोबदल्याचा प्रश्न आलाच. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, या प्रश्नाचे सहाशे वर्षांचे धागे सापडतात.

सुएनागाच्या काळात मोबदला म्हणजे जमीन. शत्रूची जिंकायची आणि आपल्या लोकांत वाटायची. मंगोलांनी 1281 मध्ये पुन्हा स्वारी केली, पुन्हा परतवली गेली, पण बचावाच्या लढाईत वाटायला नवी जमीन कुठून येणार? नाराजी साचत गेली आणि 1333 मध्ये कामाकुराची सत्ता कोसळली. त्याला कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. पुढच्या अडीच शतकांतल्या लढाया आणि फितुऱ्या इथे सांगत बसत नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला तोयोतोमी हिदेयोशी अखेर साऱ्या जपानचा धनी झाला, इथे थेट येतो.

हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी लावली. माप होतं कोकू: सुमारे 180 लिटर, वजनात साधारण 150 किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा, असा हिशेब. गाव, जहागीर, सरदाराची पत, सामुराईचा पगार, सगळं कोकूत मोजलं जाऊ लागलं. 1587 मध्ये हिगोत नेमलेला सरदार सास्सा नारिमासा याने ही मोजणी घाईने रेटली आणि स्थानिक जमीनदार हत्यारं घेऊन उठले. बंड मोडलं, पण 1588 मध्ये नारिमासालाही पोट फाडून घेण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेण्याचा फतवा काढला. तोवर नांगर आणि भाला एकाच घरात सुखाने नांदत. आता भाला ज्याच्याकडे राहिला तो सामुराई, बाकीचे रयत. खुद्द शेतकऱ्याच्या पोराने वर चढून आल्यावर शिडी ओढून घेतली, असं कोणी म्हटलं तर मला ते खोडता येणार नाही.

अर्धं हिगो मग कातो कियोमासाला मिळालं. हाही लोहाराचा पोर, हिदेयोशीच्याच गावचा. कोरियाच्या मोहिमेत उल्सानच्या किल्ल्यात तो वेढला गेला, तेव्हा अन्नपाण्यावाचून त्याच्या माणसांचे भयंकर हाल झाले होते. परतल्यावर त्याने कुमामोतोचा किल्ला बांधला, तो 1607 मध्ये पुरा झाला. आत 120 विहिरी खणल्या. बसायच्या चटयांमध्ये गवताऐवजी अळूचे वाळवलेले देठ भरले होते, वेढा पडलाच तर चटई सोडायची आणि शिजवून खायची, असंही सांगतात. खरं-खोटं कुणी पाहिलं, पण उपाशी राहिलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती आहे.

कियोमासाच्या मुलाकडून 1632 मध्ये प्रांत काढून घेतला गेला आणि 5 लाख 40 हजार कोकूंची ही जहागीर होसोकावा घराण्याकडे गेली. त्यांच्याच आश्रयाला 1640 मध्ये पन्नाशी उलटलेला एक माणूस आला: मियामोतो मुसाशी. तारुण्यात साठांवर द्वंद्वं खेळलो आणि एकही हरलो नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातली किती खरी यावर वाद चालूच आहेत. मला जास्त भावतं ते त्याचं एक साधं पत्र. 1638 मध्ये समुद्रापलीकडच्या शिमाबारात शेतकऱ्यांचं बंड मोडायला फौजा गेल्या, त्यात मुसाशीही होता. तटावरून दगड येत होते. त्यातला एक माझ्या नडगीला लागला आणि उभं राहणं कठीण झालं, असं हा अजिंक्य तलवारबहाद्दर त्या पत्रात कळवतो. हत्यारं काढून घेतलेल्या रयतेकडे दगड उरले होतेच.

कुमामोतोला आल्यावर मुसाशीने धन्याला लिहिलं, की मी आजवर कुठेही कायमची चाकरी केलेली नाही. आधी सात माणसांचा शिधा आणि 18 कोकू तांदूळ, मग सालाना 300 कोकू, अशी त्याची सोय लागली. त्या निवांतपणात त्याने चित्रं काढली, 1643 मध्ये रेइगांदो नावाच्या गुहेत बसून आपलं युद्धशास्त्र लिहायला घेतलं, आणि 1645 मध्ये तो वारला. होसोकावांची स्वारी एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाताना तिला मुजरा करता यावा म्हणून त्याला चिलखतासह रस्त्याकडेला पुरलं, अशी तिथली आख्यायिका आहे. जन्मभर चाकरी टाळणाऱ्याला मेल्यावर मात्र ड्यूटी लागली.

एव्हाना तोकुगावा या शोगुन घराण्याच्या राजवटीतली लांबलचक शांतता सुरू झाली होती. लढाया संपल्या, लढवय्ये उरले. बायकामुलं धरून लोकसंख्येच्या पाच-सात टक्के असलेला हा वर्ग तांदळाच्या पगारावर कारकुनी करू लागला. कनिष्ठ सामुराई घरी छत्र्यांना कागद चिकटवत, सोनेरी मासे वाढवून विकत. मरणाचं तत्त्वज्ञान फुललं ते याच काळात. ‘सामुराईचा मार्ग म्हणजे मरण’ या आशयाचं सगळ्यात गाजलेलं वचन कुमामोतोजवळच्या सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमोचं आहे. तो हयातभर धन्याच्या लिहिण्यावाचण्याची कामं करत राहिला, एकही लढाई त्याने पाहिली नाही. 1700 मध्ये धनी गेला, तेव्हा मागोमाग मरण्याचीही सोय नव्हती, कारण त्याच धन्याने त्यावर बंदी घातली होती. बिचारा संन्यासी झाला.

धन्यासाठी खरोखर मेले ते आको संस्थानचे सामुराई. 1701 मध्ये त्यांचा धनी असानो नागानोरी याने एडोच्या किल्ल्यात दरबारी अधिकारी किरा योशिनाका याच्यावर शस्त्र उपसलं, आणि त्याच दिवशी त्याला पोट फाडून घ्यावं लागलं. संस्थान खालसा झालं, तीनशेच्या आसपास सामुराई रस्त्यावर आले. त्यातल्या 47 जणांनी जानेवारी 1703 मध्ये किराच्या वाड्यात घुसून त्याचं मुंडकं आणलं. त्यांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके हा 1,500 कोकूंचा कारभारी. त्याची जमाखर्चाची वही शिल्लक आहे. संस्थान मोडताना हाती राहिलेले सुमारे 690 र्यो (सोन्याची नाणी) कुठे गेले, ते तिच्यात टिपलंय: धन्याचं श्राद्धकर्म, एडोच्या खेपा, भाडं, कडकी लागलेल्या साथीदारांना पोटापुरते पैसे. शेवटी सातेक र्यो कमी पडले, ते ओइशीने पदरचे घातले. सूडाची तयारी चाललीय आणि हा माणूस पावत्या जुळवतोय! धन्याच्या अब्रूइतकीच धन्याच्या पैशाचीही चाड, हे मला त्या रात्रीच्या हल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

शिक्षा होईपर्यंत ओइशीसह 17 जणांना एडोमधल्या होसोकावांच्या, म्हणजे कुमामोतोकरांच्याच, वाड्यात ठेवलं होतं. तिथे रोज अशी मेजवानी, की आम्हाला आपला हातसडीचा भात आणि सार्डिन मासे द्या, अशी विनंती त्यांनी केली. एरवी सामुराई काय जेवत होते, ते या एका विनंतीवरून कळतं.

1868 मध्ये तोकुगावांची सत्ता जाऊन आलेल्या मेइजी सरकारपुढे हाच तांदूळ वाढून ठेवला होता. सामुराईंचे पगार सरकारी खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा खात होते. 1873 मध्ये सक्तीची लष्करभरती आली. 1876 च्या मार्चमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये पगारांऐवजी रोखे हातावर ठेवले गेले. ऑक्टोबरमध्ये कुमामोतोतले 170 च्या आसपास सामुराई तिथल्या छावणीवर चालून गेले. तारायंत्राच्या तारांखालून जाताना विटाळ नको म्हणून डोक्यावर पांढरा पंखा धरणारी ही मंडळी. बंदूक परदेशी म्हणून नाकारली, फक्त तलवारी आणि भाले घेतले. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं आटोपलं होतं.

चार महिन्यांनी शेजारच्या कागोशिमातून सायगो ताकामोरी निघाला. त्याच्या चाकरीची सुरुवात झाली होती ती संस्थानच्या तांदूळसाऱ्याच्या कचेरीतला मदतनीस कारकून म्हणून, आणि त्या कचेरीत त्याने दहा वर्षं काढली होती. पुढे याच माणसाने तोकुगावांना खाली खेचलं. आता 13,000 माणसांनिशी त्याने कियोमासाच्या किल्ल्याला वेढा घातला. आत होते साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई, बरेचसे शेतकऱ्यांचे भरती केलेले पोर. वेढ्याच्या तोंडावर मुख्य बुरूज जळून गेला, तरी पन्नासेक दिवस किल्ला पडला नाही. आपण सरकारी फौजेकडून हरलो नाही, कियोमासाकडून हरलो, असं सायगो म्हणाल्याचं सांगतात. 24 सप्टेंबर 1877 रोजी कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर तो पडला, तेव्हा सोबत काहीशे माणसं उरली होती.

कुमामोतोच्या उत्तरेला ताबारुझाका नावाचा चढ आहे. वेढा फोडायला आलेली फौज आणि सायगोची माणसं तिथे मार्चमध्ये सतरा दिवस झुंजली. सरकारने खास तलवारबाजांची पोलीस तुकडी धाडली, तीही जुन्या सामुराईंचीच. बाकी काम बंदुकांनी केलं. गोळीबार इतका दाट, की समोरासमोरून आलेल्या गोळ्या हवेतच आदळून एकमेकींत रुतल्या. शिशाच्या अशा जोडगोळ्या तिथल्या मातीत सापडल्या आहेत.