दाविडॉफ नंबर १ : पेटीत मुरलेला सिगार

हवानाजवळच्या एल लागीतो कारखान्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हा सिगार हाताने वळला जायचा. तंबाखू क्यूबाचा, नाव जिनिव्हाचे व्यापारी झिनो दाविडॉफ यांचं. पुढे दर्जावरून दाविडॉफ आणि क्यूबाची सरकारी तंबाखू कंपनी यांचं फाटलं. १९८९ मध्ये दाविडॉफ यांनी सुमारे १,३०,००० सिगार जाळले (ओढून नव्हे, ढीग करून!) आणि दोनतीन वर्षांत क्यूबन दाविडॉफ बंदच झाला. आज जुनी पेटी लिलावात निघाली की ‘तीच चव’ म्हणून बोली चढते. माझ्या मते ती चव आता कुणालाच मिळायची नाही.

लांबी १९२ मिलीमीटर, जाडी जेमतेम १५. या सडपातळपणातच त्याचा स्वभाव आहे. वरचं पान परिघाच्या हिशेबाने लागतं, आतला भराव क्षेत्रफळाच्या. २० मिलीमीटरच्या जाड सिगारशी तुलना केली, तर इथे भरावामागे वरचं पान साधारण एकतृतीयांश जास्त जळतं. म्हणून त्या पानाचा स्वाद पुढे येतो. वळणाऱ्याचा हात जरा घट्ट पडला, तर मात्र धूर ओढताच येत नाही.

वळण्याआधी ओलसर पानांची थप्पी रचून ती आंबवतात. थप्पी आतून कंपोस्टच्या ढिगासारखी तापते, प्रथिनं मोडतात आणि अमोनिया सुटतो. गोठ्यात शिरल्यावर नाकात जातो, तोच. पेटी बंद झाल्यावरही ही मोडतोड मंदपणे चालू राहते. तिखटपणा उतरतो, पण सुगंधी तेलंही उडत जातात. पान एकदा कोरडं पडलं की नंतर कितीही दमटपणा दिला तरी गेलेला वास परत येत नाही. निकोटिन आणि कर्करोगकारक द्रव्यं मात्र अशी मुरून जात नाहीत.

सिगारच्या पेटीचं लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ म्हणून ओळखलं जातं. ते ना स्पेनचं, ना सीडरचं; झाड अमेरिका खंडातलं, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. म्हणून कीड लागत नाही असं कुणी समजू नये. घरातल्या हळकुंडांना भोकं पाडणारा तपकिरी भुंगेरा तंबाखूवरही तितक्याच आवडीने जगतो. ऊब मिळाली की अंडी फुटतात, अळ्या आतून पोखरत जातात आणि वरच्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं. मग लिलावात मोजलेले पैसे काहीही असोत, झुरका मारला की त्या भोकातून नुसती हवा आत येते.