उपग्रह मोबाइल नेटवर्कला जोडायचाय? आयटीयूची फाइल नेमकी कुठे अडते

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण ती कळेपर्यंत लोकांचे महिने जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, म्हणजे आयटीयूकडे, कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. अर्ज करतं ते देशाचं दूरसंचार प्रशासन. म्हणजे आयटीयूच्या आधी आपल्याच नियामकाला पटवायचं असतं.

कागदपत्रं नेहमीचीच: कक्षा, फ्रिक्वेन्सी, अँटेना, पॉवर, सेवाक्षेत्र. सगळं आयटीयूच्या रेडिओ ब्युरोच्या ठरलेल्या इलेक्ट्रॉनिक नमुन्यात. शुल्काचं बिल मात्र मुदतीत भरा, नाहीतर फाइल रद्द होते.

सगळ्यात जास्त अर्ज बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, आपटतात. "भागीदार मोबाइल कंपनीकडे स्पेक्ट्रम आहेच, तोच वरून वापरू," हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. तो परवाना जमिनीवरच्या टॉवरसाठी असतो, एका देशापुरता असतो, आणि उपग्रहाचा बीम सीमा ओळखत नाही. आयटीयूच्या फ्रिक्वेन्सी-वाटपाच्या तक्त्यात 'मोबाइल' आणि 'मोबाइल-उपग्रह' या दोन वेगळ्या सेवा आहेत. दुसरीचं वाटप त्या बँडमध्ये नसेल, तर उरतो आयटीयूच्या रेडिओ नियमावलीतला नियम ४.४: कुणाला व्यत्यय आणायचा नाही आणि आपल्याला झाला तर संरक्षण मागायचं नाही. एवढ्या आधारावर व्यवसाय उभा करणं धोक्याचं आहे. साधारण ६९४ मेगाहर्ट्झ ते २.७ गिगाहर्ट्झमधल्या मोबाइल बँडचा प्रश्न २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेच्या विषयपत्रिकेवर आहे. निर्णय आधीच झाला असं धरून अर्ज लिहू नका. मोबाइल नेटवर्कची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये उपग्रहासाठी एन२५५ आणि एन२५६ हे बँड आलेत खरे, पण तांत्रिक मानक म्हणजे परवानगी नव्हे.

आता मुदत. फ्रिक्वेन्सीचा वापर सुरू करायला मिळणारी सात वर्षं मोजायची ती प्रक्षेपणापासून नाही, फाइल ब्युरोकडे पोहोचल्याच्या तारखेपासून. ही चूक जिवावर बेतते. 'वापर सुरू' म्हणायला उपग्रह त्या कक्षेत सलग ९० दिवस टिकावा लागतो, आणि ते ९० दिवस संपल्यावर ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं. ठरावीक बँडमधल्या उपग्रहांच्या मोठ्या ताफ्यांना त्यापुढेही टप्पे आहेत: सात वर्षांनंतर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के, सात वर्षांत सगळे उपग्रह.

आयटीयूची नोंद झाली तरी प्रत्येक देशात सेवेची परवानगी वेगळी लागते, आणि तिथे एजची, म्हणजे ग्राहकाच्या जवळच सर्व्हर ठेवून वेळ वाचवण्याच्या सोयीची, पंचाईत होते. उपग्रह फक्त सिग्नल परतवणारा असेल, तर डेटा उतरतो गेटवेवर, म्हणजे उपग्रहाशी जोडलेल्या जमिनीवरच्या केंद्रावर, टॉवरजवळ नाही. मग टॉवरशेजारी ठेवलेल्या एज सर्व्हरचा उपयोग काय? ६०० किलोमीटरच्या कक्षेतून जाऊन-येऊन जास्तीत जास्त साधारण २६ मिलिसेकंद लागतात, पण गेटवेपासून सर्व्हर दूर असेल तर वेळेची ती बचत तिथेच संपते. शिवाय गेटवे शेजारच्या देशात असेल, तर 'आमच्या ग्राहकाचा डेटा कुठे जातो, कायदेशीर तपासणी कुठे करायची, फोन कोणत्या देशात आहे हे नेटवर्क स्वतः कसं पडताळतं?' असं त्या-त्या देशाचे नियामक विचारतात. फोनने दिलेलं जीपीएस स्थान पुरेसं मानत नाहीत. या तीन उत्तरांचा आराखडा गेटवेची जागा ठरवण्याआधी अभियंत्यांकडून लेखी घ्या. जागा ठरल्यावर तो जुळवता येत नाही.